ब्रेक पॅड हातात घेतलं की: किती झिजलं आणि काय बिघडलं

रिसर्चला नुकतं लागणार असाल आणि विषय ट्रायबॉलॉजीचा, म्हणजे घर्षण, झीज आणि वंगण यांचा असेल, तर कधी ना कधी तुमच्यासमोर वापरलेल्या ब्रेक पॅड्सची एक पिशवी येणार. कुणीतरी म्हणणार, "याचं वेअर ॲनालिसिस करून द्या." बहुतेक जण लगेच व्हर्नियर कॅलिपर उचलतात, जाडी मोजतात, नव्या पॅडच्या जाडीतून वजा करतात आणि एक आकडा लिहून मोकळे होतात. तो आकडा चुकीचा नसतो, पण त्यातून फार थोडं कळतं. आज आपण याच पिशवीकडे जरा सावकाश बघू. उदाहरण म्हणून मी ट्रॅकवर जोरात चालवलेल्या गाडीची पॅड्स घेतोय, कारण रोजच्या गाडीत चार वर्षांत हळूहळू जे होतं ते तिथे एका दुपारी होतं.

आधी एक फरक पक्का करून घ्या. झीज म्हणजे पृष्ठभागावरचं मटेरियल जाणं. ती होणारच, पॅड त्याचसाठी बनवलेलं असतं. बिघाड म्हणजे उरलेल्या मटेरियलचा स्वभाव बदलणं: राळ जळणं, तडा जाणं, पृष्ठभाग काचेसारखा होणं, पत्र्यापासून सुटणं. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या बरोबरीने वाढतातच असं नाही. नऊ मिलिमीटर मटेरियल शिल्लक असलेलं पॅड टाकून देण्याच्या लायकीचं असू शकतं आणि पाच मिलिमीटर उरलेलं अगदी ठणठणीत. व्हर्नियर फक्त पहिली गोष्ट मोजतो.

पॅडची रचना तशी साधी आहे. मागे पोलादी पत्रा, त्यावर एक पातळ जोडथर आणि त्यावर घर्षणाचं मटेरियल. या मटेरियलमध्ये दहा-वीस घटक सहज असतात. सगळ्यांना धरून ठेवणारी फिनॉलिक राळ, ताकदीसाठी पोलादाचे किंवा अरामिडचे तंतू, थोडं ग्राफाइट, थोडे कठीण अपघर्षक कण, बाकी भरताड. समोर फिरणारी डिस्क बहुतेक वेळा बिडाची. (कार्बन-सिरॅमिक डिस्कचा हिशेब वेगळा आहे, तो इथे घेत नाही.)

आता या जोडीवर काय येतं ते बघा. दीड हजार किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणायची आहे. गतिज ऊर्जेचं सूत्र बारावीचंच आहे. फरक येतो साधारण १९.५ लाख ज्यूल. सहा लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून जवळपास उकळीला आणायला एवढी ऊर्जा लागते. गाडी ती साडेतीन सेकंदांत ब्रेकमध्ये ओतते. हवेचा रोध बाजूला ठेवू, पुढच्या चाकांनी ७० टक्के भार घेतला असं मानू, आणि पुढच्या दोन डिस्क प्रत्येकी १० किलोच्या धरू. बिडाची विशिष्ट उष्णता साधारण ५०० ज्यूल प्रति किलो प्रति अंश. म्हणजे एका ब्रेकिंगला डिस्कचं सरासरी तापमान सुमारे १३५ अंशांनी चढतं. पुढच्या वळणापर्यंत त्यातलं थोडं हवेत जातं, थोडं उरतं, आणि त्यावर पुढचे १३५ येऊन बसतात. हे सरासरीचं झालं. प्रत्यक्ष घासणाऱ्या ठिपक्यांवर तापमान याहून बरंच जास्त असतं.

साधी फिनॉलिक राळ ३०० अंशांच्या पुढे विघटित व्हायला लागते. परफॉर्मन्स पॅडमध्ये राळ सुधारित असते, धातूचं प्रमाण जास्त असतं, काही रेसिंग पॅड्स तर धातूची भुकटी तापवून घट्ट केलेली असतात. पण प्रत्येक मटेरियलला कुठेतरी एक मर्यादा असतेच. आपल्यापुढचा प्रश्न एवढाच की या पॅडने ती ओलांडली का, आणि ओलांडली असेल तर किती खोलवर.

मग जाडी मोजायचीच नाही का? मोजायची, पण नीट. एका जागी मोजून चालत नाही. मायक्रोमीटर घ्या आणि किमान सहा ठिकाणी मोजा: वरच्या कडेला तीन, खालच्या कडेला तीन. पत्रा वेगळा मोजून वजा करा. नवं पॅडही असंच मोजलेलं हवं. कंपनीच्या कॅटलॉगमधली जाडी सुरुवातीची जाडी म्हणून घेऊ नका, कारण प्रत्येक पॅड त्या आकड्यापासून थोडं इकडेतिकडे असतं. आणखी एक गंमत आहे, जी पहिल्यांदा बघताना प्रत्येकाला खटकते. नवं पॅड पहिल्यांदा सडकून तापवलं की ते कायमचं थोडं फुगू शकतं. त्यामुळे कमी वापरलेल्या पॅडची झीज शून्य किंवा चक्क ऋण आली, तर लगेच मायक्रोमीटरला दोष देऊ नका.

म्हणून वजनही घ्या, आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. समजा पॅडचं क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर आहे आणि सरासरी एक मिलिमीटर जाडी गेली. म्हणजे सहा घन सेंटिमीटर मटेरियल गेलं. घनता २.५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असेल तर वजन १५ ग्रॅमने कमी व्हायला हवं. काट्याने २० ग्रॅम दाखवले तर? एक शक्यता अशी की कडेचा तुकडा उडालाय, जो जाडीच्या मोजणीत आलाच नाही. तो डोळ्यांना दिसेल. तुकडा उडालेला नसेल, तर उरलेल्या मटेरियलच्या पोटातून राळ वायू होऊन निघून गेली आहे. पॅड आतून पोकळ होत चाललंय. उलट वजन अपेक्षेपेक्षा कमीच घटलं असेल, तर पॅडने डिस्कचं लोखंड उचलून स्वतःत रुतवून घेतलंय का, पत्र्यावर गंज आलाय का, आणि पॅडने ओल धरलीये का, हे बघा. ओल टाळायची तर दोन्ही वेळा पॅड सारखंच वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून मग काट्यावर ठेवा. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात काम करणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावं.

थोडक्यात, जाडी आणि वजन जुळत नाहीत तेव्हा त्यातला एक आकडा खरा आणि दुसरा खोटा असं ठरवायची घाई करू नका. त्या न जुळण्यातच बिघाडाची पहिली खूण सापडते.

आता त्या सहा आकड्यांकडे परत या. चपलेचा तळ बघून माणूस पाय कसा टाकतो ते सांगता येतं. टाच बाहेरच्या बाजूने झिजलीये की आतल्या, तेवढं पुरतं. पॅडचं तसंच आहे.

डिस्क ज्या कडेने पॅडखाली शिरते ती आघाडीची कड, आणि जिथून बाहेर पडते ती पिछाडीची. आघाडीची कड जास्त झिजलेली दिसणं अगदी नेहमीचं आहे. कारण असं: डिस्क पॅडला ओढते ती त्याच्या तोंडावर, पण पॅडला अडवणारा आधार असतो मागच्या पत्र्याच्या टोकाला. दोन बलांच्या रेषा एका पातळीत नाहीत, त्यामुळे पॅड किंचित कलंडू पाहतं आणि आघाडीची कड डिस्कमध्ये रुतते. कॅलिपर बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. म्हणूनच चार किंवा सहा पिस्टनच्या कॅलिपरमध्ये आघाडीकडचे पिस्टन बऱ्याचदा मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे तिकडे दाब कमी पडतो. असे कॅलिपर असूनही पॅड ठळकपणे तिरकं झिजलं असेल, तर एखादा पिस्टन अडकतोय का किंवा कॅलिपर डाव्या-उजव्या बाजूला उलटसुलट बसवलाय का, ते विचारा. उलट बसवला तर लहान पिस्टन पिछाडीला जातात आणि सगळं गणितच फिरतं.

दुसरा उतार केंद्राकडून परिघाकडे. डिस्कच्या बाहेरच्या भागाचा वेग जास्त, त्यामुळे तिकडे थोडी जास्त झीज स्वाभाविक आहे. तो उतार फारच वाढला असेल तर दाबाखाली कॅलिपर फाकतोय अशी शंका घ्यायला जागा आहे. तिसरी तुलना आतल्या आणि बाहेरच्या पॅडची. एकाच बाजूला पिस्टन असलेल्या, सरकत्या कॅलिपरमध्ये गाईड पिना ग्रीस वाळून अडकल्या की आतलं पॅड संपतं आणि बाहेरचं जवळपास नवं राहतं. हा दोष पॅडचा नाही. अशा जोडीवरून पॅडच्या मटेरियलबद्दल निष्कर्ष काढणं म्हणजे वाकड्या अंगणात नाचणाऱ्याला गुण देण्यासारखं आहे. हे डेटा पॉइंट तुमच्या आलेखातून वेगळे काढा, आणि का काढले ते लिहा.

इथवर फक्त आकार झाला. खरी गोष्ट पृष्ठभागावर असते.

नवा बिडाचा तवा आणला की आपण तो आधी तेल लावून तापवून मुरवतो. तेलाचा पातळ, घट्ट थर बसला की भाकरी चिकटत नाही. नवी पॅड्स बसवल्यावर ठरावीक क्रमाने वाढत्या जोराने ब्रेक मारून, मग थंड होऊ देऊन, जे 'बेडिंग' करतात ते याच जातीचं काम आहे. पॅडचं मटेरियल डिस्कवर अगदी पातळ थराने पसरतं, आणि त्यानंतर पॅड बिडावर कमी, स्वतःच्याच थरावर जास्त घासतं. तवा आणि डिस्क यांच्यातला फरक एवढाच की तव्यावर आपल्याला घर्षण नकोय आणि इथे हवंय. हा थर सारखा बसला की झीज कमी आणि घर्षण स्थिर. धब्ब्याधब्ब्यांनी बसला की ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजमध्ये याला सरसकट 'डिस्क वाकली' म्हणतात. प्रत्यक्षात अनेकदा डिस्क सरळ असते, तिच्या जाडीत जागोजागी दहा-वीस मायक्रॉनचा फरक पडलेला असतो, आणि तेवढा पुरतो.

रेसिंगची पॅड्स घालून रोज ऑफिसला जाणाऱ्यांची डिस्क का खाल्ली जाते, तेही यातूनच कळतं. ती पॅड्स थर नीट बसवतात ती गरम असताना. शहरातल्या सिग्नल-टू-सिग्नल वापरात ती त्या तापमानाला पोचतच नाहीत, मग त्यांच्यातले कठीण कण नुसते बीड खरवडत राहतात. पॅडची जाडी छान दिसते. झीज डिस्कच्या खात्यात गेलेली असते. म्हणून नुसती पॅड्स आणून दिली तर डिस्क मागवा, ती मिळणार नसेल तर निदान फोटो आणि जाडी तरी.

पॅडचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की एक गोष्ट लगेच दिसते: सगळा पृष्ठभाग घासतच नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात एरिक्सन आणि याकोब्सन यांनी २००० साली यावर सुंदर काम प्रसिद्ध केलं. पोलादी तंतूंसारखे टिकाऊ घटक आजूबाजूच्या मटेरियलपेक्षा किंचित वर उरतात आणि छोटी पठारं बनतात. झिजलेली धूळ वाहत येऊन त्या तंतूंना अडते, दाबाने आणि उष्णतेने घट्ट होते आणि पठार पसरवते. ब्रेकचा भार ही पठारं उचलतात, बाकीचा खोलगट भाग डिस्कला शिवतही नाही. म्हणजे आपण ज्याला पॅडचा घासणारा पृष्ठभाग म्हणतो तो बराचसा पॅडच्याच धुळीपासून तिथल्या तिथे तयार झालेला असतो. निरोगी पॅड यामुळे मंद राखाडी, किंचित खरखरीत, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं.

काचेसारखं चकचकीत, नखाला गुळगुळीत लागणारं पॅड म्हणजे ग्लेझिंग. ते दोन अगदी उलट कारणांनी होतं: एकतर राळ अति तापून वर आली आणि कडक झाली, किंवा पॅड बेडिंग न करता नुसतं हळूहळू घासत राहिलं आणि पॉलिश झालं. दोन्हींत फरक करायचा तर कडा बघा. पॅडच्या बाजूच्या भिंती पांढुरक्या किंवा राखेसारख्या झाल्या असतील, मागच्या पत्र्यावरचा रंग जळून फोड आले असतील, डिस्क निळसर पडली असेल, तर ती उष्णता होती. कडा नव्यासारख्या असतील तर दुसरं कारण धरा. पांढरी कड नखाने खरवडून बघा. भुसभुशीत सुटली तर तिथली राळ संपली आहे. हा जळका थर किती खोल गेलाय ते वरून कळत नाही, त्यासाठी पॅड आडवं कापावं लागतं. सहसा छेदात रंगाचा फरक साध्या डोळ्यांनाही दिसतो, आणि थराथरातून थोडी भुकटी घेऊन टीजीए केलं की खोलीप्रमाणे किती राळ शिल्लक आहे त्याचा अंदाज येतो. माझ्या मते परफॉर्मन्स पॅडबद्दल सांगता येण्याजोगा सगळ्यात कामाचा आकडा हाच: एकूण उरलेलं किती, आणि त्यातलं धड किती.

तडे बघून घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. ट्रॅकवर वापरलेल्या पॅडवर केसासारखे बारीक, उथळ तडे नेहमी असतात, पृष्ठभाग वारंवार तापून आकसल्याने ते येतात. काळजीचे तडे तीन. कडेवर येऊन पत्र्याच्या दिशेने खाली उतरणारा. पत्र्याला समांतर, जोडथराच्या बाजूने धावणारा. आणि कोपरा तोडून नेणारा. यातला दुसरा सगळ्यात वाईट, कारण जाडी, वजन, रंग सगळं चांगलं असताना अख्खा मटेरियलचा ठोकळा पत्र्यावरून सुटू शकतो. पॅड बाजूने भिंगाखाली धरून चारही कडा फिरवून बघायला दोन मिनिटं लागतात.

पातळ पॅडबद्दल एक मुद्दा राहिला. घर्षणाचं मटेरियल उष्णतेला अडसरही असतं. ते जितकं पातळ, तितकी जास्त उष्णता पिस्टनमार्फत ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असायला हवा, पाणी शोषल्यावरच्या प्रमाणित चाचणीत किमान १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. म्हणून रस्त्यावर दोन-तीन मिलिमीटरपर्यंत पॅड वापरणारी माणसंही ट्रॅकवर जाताना बरंच आधी बदलतात. मटेरियल मागच्या पत्र्याइतकं जाड उरलं की बास, असा सोपा नियम अनेक जण पाळतात.

यासाठीच चालवणाऱ्याशी बोला. "ब्रेक लागले नाहीत" एवढ्यावर थांबू नका, पेडल कसं लागत होतं ते विचारा. पेडल घट्ट होतं, पाय जोरात दाबूनही गाडी थांबत नव्हती, तर घर्षण पडलं होतं, शोध पॅडमध्ये घ्यायचा. पेडल मऊ होऊन खाली बसलं, तर ऑइल उकळलं असण्याची शक्यता मोठी, आणि पॅड निर्दोष असू शकतं. नवी पॅड्स घालून पहिल्याच काही जोरदार ब्रेकिंगला घर्षण गेलं आणि थंड झाल्यावर परत आलं, तर कच्च्या पॅडमधून निघालेल्या वायूंचा तो प्रताप. एका वाक्याच्या उत्तराने तुमचे आठवडे वाचतात.

आता सूत्राकडे येतो, कारण व्हायवामध्ये ते विचारणारच. आर्चर्डने १९५३ मध्ये मांडलेलं नातं सांगतं की झिजलेलं आकारमान हे भार आणि घासलेलं अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतं, आणि कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात. ब्रेकच्या बाबतीत भार आणि अंतर रस्त्यावर मोजणं अवघड, ऊर्जा काढणं सोपं. घर्षणाचं कार्य म्हणजे घर्षणांक गुणिले भार गुणिले अंतर, त्यामुळे आकारमान भागिले ऊर्जा हा आकडा त्याच सूत्राचं दुसरं रूप आहे. आपल्या काल्पनिक गाडीत एका ब्रेकिंगच्या १९.५ लाख ज्यूलपैकी पुढच्या एका पॅडच्या वाट्याला ७० टक्क्यांचा चौथा हिस्सा येतो, म्हणजे सुमारे ०.३४ मेगाज्यूल. अशी २०० ब्रेकिंग झाली तर ६८ मेगाज्यूल. सहा हजार घन मिलिमीटर गेलं असेल तर झिजेचा दर ८८ घन मिलिमीटर प्रति मेगाज्यूल. दोन गाड्यांची, दोन ट्रॅकची पॅड्स या आकड्यावर एकमेकांशेजारी ठेवता येतात, नुसत्या मिलिमीटरवर येत नाहीत. आणि हेही लक्षात घ्या की फुगण्यामुळे जाडीत ०.१ मिलिमीटरचा घोटाळा झाला तरी हा दर दहा टक्क्यांनी हलतो. त्रुटीपट्टी तेवढी तरी दाखवा.

पण आर्चर्डच्या नात्यात तापमान नाही. राळ शाबूत आहे तोवर ते बऱ्यापैकी चालतं. एकदा विघटन सुरू झालं की त्याच ऊर्जेला दर झपाट्याने चढतो, आणि दोनशे ब्रेकिंगची सरासरी काढून तुम्ही पहिल्या दीडशेची शांत झीज आणि शेवटच्या पन्नासची जाळपोळ एकाच आकड्यात कोंबता. म्हणून पॅडसोबत तापमानाची काहीतरी नोंद हवीच. थर्मोकपल असेल तर उत्तम. नसेल तर डिस्कच्या कडेला लावायचे उष्णतादर्शक रंग मिळतात, जे ठरावीक तापमान ओलांडलं की रंग बदलतात. फॉर्म्युला वनमधली कार्बन-कार्बनची पॅड्स आणि डिस्क याचं दुसरं टोक आहे. तिथे उच्च तापमानाला कार्बनचं ऑक्सिडेशन होतं, म्हणजे झिजेचा एक भाग सरळ रासायनिक आहे. घासलं नाही तरी तापलेल्या कार्बनचं वजन घटत राहतं. तिथे अंतरावर आधारलेलं सूत्र लावणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

पेपर वाचताना दोन गोष्टी डोक्यात ठेवा. पहिली, पॅडची पाककृती कंपन्या सांगत नाहीत, त्यामुळे 'व्यावसायिक पॅड अ' आणि 'व्यावसायिक पॅड ब' यांची तुलना वाचून मटेरियलबद्दल फारसं शिकता येत नाही. घटक स्वतः मिसळून पॅड बनवणाऱ्या गटांचं काम वाचा. आयआयटी दिल्लीत जयश्री बिजवे यांनी ॲस्बेस्टॉसरहित घर्षण-मटेरियलवर वर्षानुवर्षं असं काम केलंय, सुरुवातीला तेच घ्या. दुसरी, पेपरचं साल बघा. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० मध्ये पॅडमधलं तांबं कमी करत नेण्याचे कायदे केले, आणि २०२५ ची मर्यादा वजनाच्या ०.५ टक्के इतकी खाली आहे. तांबं उष्णता वाहून नेतं आणि पृष्ठभागावरचा थर बांधायला मदत करतं. त्यामुळे तांबं भरपूर असलेल्या जुन्या पॅडवरचे निष्कर्ष आजच्या पॅडला जसेच्या तसे लावू नका.

आता पिशवीतून तीन पॅड्स काढा आणि ठरवा. पहिलं: नऊ मिलिमीटर शिल्लक, चकचकीत, कडा पांढऱ्या, पत्र्याचा रंग गेलेला, वजन जाडीच्या हिशेबापेक्षा जास्त घटलेलं. दुसरं: पाच मिलिमीटर, सहाही ठिकाणी जवळपास सारखं, मंद राखाडी, बारीक उथळ तडे, जाडी-वजन जुळतंय. तिसरं: एका टोकाला सात, दुसऱ्या टोकाला चार, पृष्ठभाग स्वच्छ. मी पहिलं पॅड आडवं कापायला घेईन आणि झिजेच्या आलेखात त्याला वेगळं चिन्ह देईन. गाडीवर ते परत जाणार नाही, हे मात्र कापायच्या आधीच सांगता येतं. दुसऱ्या पॅडची झीज खरी झीज आहे, दर त्याच्यावरून काढीन. तिसऱ्यासाठी कॅलिपर मागवीन.

हे सगळं शक्य आहे ते पॅड तुमच्या हातात जसं उतरलं तसं आलं तरच. म्हणून काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: डावं की उजवं, आतलं की बाहेरचं, आणि डिस्क फिरण्याच्या दिशेचा बाण, एवढं पत्र्यावर मार्करने लिहायचं. प्रत्येक पॅड वेगळ्या पिशवीत. ब्रेक क्लीनर मारायचा नाही, कारण त्याबरोबर धुळीचा थर आणि तेलाचा डागही जातो, आणि तोच तर आपल्याला बघायचाय. हवेच्या प्रेशरने उडवायचं तर मुळीच नाही. ती धूळ फुप्फुसात जाते, आणि जुन्या गाड्यांच्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. लॅबमध्ये आलं की आधी फोटो, मग भिंग, मग वाळवून वजन, मग जाडी, मग सूक्ष्मदर्शक. करवत सगळ्यात शेवटी, आणि तीही जोडीतल्या एकाच पॅडवर. दुसरं तसंच पिशवीत ठेवा. परीक्षक दोन वर्षांनी नेमकं तेच मागतात.